‘यात आहे तरी काय?’ : अमूर्त चित्रासमोर उभं राहताना

अमूर्त तैलचित्रासमोर आपण उभे राहिलो की एकच प्रश्न तोंडातून निघतो : ‘यात आहे तरी काय?’ उत्तर सापडलं नाही की ‘आपल्याला यातलं कळत नाही’ म्हणून पुढे सरकतो, नाहीतर किंमत विचारतो. २०१३ साली मुंबईतल्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचं १९७९चं एक तैलचित्र २३ कोटींहून अधिक रुपयांना गेलं. आकडा आपण वाचला. चित्र किती जणांनी नीट पाहिलं? दोन्ही वाटांनी आपण स्वतःचा अनुभव दुसऱ्याच्या हवाली करतो.

आता, इथे उमेळ्याकडे मिठागरं आहेत. संध्याकाळी त्या पाण्यावर उजेड पडला की आपण बघत राहतो, अर्थ विचारत नाही. मग चित्रालाच का विचारतो? कारण चित्र कुणीतरी केलेलं असतं. म्हणजे प्रश्न पडणं योग्यच आहे. फक्त तो जरा बदलू या : ‘इथे काय केलंय?’

गायतोंडे आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणत नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. रोलरने, पॅलेट नाइफने रंग चढवायचा, खरवडायचा, पुन्हा थर द्यायचा. तेव्हा आपण पाहायचं ते हे : रंग कुठे दाट आहे, खालचा थर कुठे वर आलाय, नजर कुठे अडते. मर्ढेकरांनी लयीची तीन तत्त्वं सांगितली : संवाद, विरोध, समतोल. ती इथे हाताशी धरावीत.

आणि भावनेचं काय? चित्र उदास वाटलं म्हणजे चित्रकार उदास होता, असं नव्हे. मारवा ऐकताना हुरहुर लागते, तेव्हा गायक काही रडत नसतो. षड्जावर विसावणं लांबवलं जातं, त्यातून ती हुरहुर येते. भाव रचनेत असतो. रंगांचंही तसंच.

कांट म्हणतो, ‘मला आवडलं’ हे फक्त माझ्यापुरतं असतं; ‘हे सुंदर आहे’ म्हणताना आपण इतरांचीही संमती मागतो. ते गणितासारखं सिद्ध करता येत नाही. पण, आम्हाला वाटतं, चित्रातल्या जागेवर बोट ठेवून दाखवता येतं.

तेव्हा पुढच्या वेळी पाच मिनिटं गप्प उभे राहा. मग एकच वाक्य बोला, पण त्यात ‘कारण’ हा शब्द हवा आणि ते कारण कॅनव्हासवर दाखवता यायला हवं. चित्र आवडलं नाही तरी चालेल. मत मात्र तुमचं असेल.