'तुरटी' : नाव, क्षार आणि उपयोग

यशवंतपूरच्या बाजारात मराठी गिऱ्हाइकाने 'तुरटी' मागितली, तर कन्नड दुकानदार गोंधळण्याचा संभव आहे. 'पटिक' म्हटले की तोच पांढरा खडा पुढे येईल. कन्नडमधील पटिक आणि हिंदीतील फिटकरी ही नावे 'स्फटिक' शब्दाशी नाते सांगतात. ती रूपावरून पडली. मराठीने मात्र चव धरली. संस्कृतात 'तुवर' म्हणजे तुरट. 'रसरत्नसमुच्चया'त हा पदार्थ तुवरी या नावाने येतो. सौराष्ट्राच्या मातीशी त्याचा संबंध सांगितला आहे आणि मंजिष्ठेचा रंग वस्त्रावर पक्का करण्याचा त्याचा गुणही तेथे नोंदलेला आहे.

रासायनिक दृष्ट्या तुरटी हा पोटॅशियम व ॲल्युमिनियम या दोन धातूंचा सल्फेट क्षार होय. तिच्या स्फटिकात पाण्याचे १२ रेणू बांधलेले असतात. वजनाचा सुमारे ४६ टक्के भाग पाण्याचाच. म्हणूनच तव्यावर ती प्रथम वितळते, मग फुलून तिची लाही होते.

येथे 'क्षार' या संज्ञेपाशी थांबणे आवश्यक आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून होणारा पदार्थ म्हणजे क्षार. हिंदी व कन्नड पुस्तकांत त्याला 'लवण' म्हणतात आणि 'क्षार' हा शब्द मराठीतील 'अल्का'साठी राखलेला असतो. बंगळुरात शिकणाऱ्या मराठी मुलाची येथे हटकून गफलत व्हावी. तुरटीचे द्रावण निळा लिटमस तांबडा करते, म्हणजे ते आम्लधर्मी आहे. आणि तरीही मराठीत ती क्षारच! घरातला 'पापडखार' मात्र खरोखरच अल्कधर्मी असतो. बोलीने जुना अर्थ जपला, परिभाषेने तो बदलला. ही परिभाषा सोयीची झाली, असे म्हणणे कठीण आहे.

दाढीनंतर कापलेल्या जागी तुरटी फिरवतात, कारण तिच्यामुळे ऊती आकसून बारीक रक्तस्राव थांबतो. तिचा सर्वांत परिचित उपयोग गढूळ पाण्यासाठी. मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर सारतात व तरंगत राहतात. तुरटीतील ॲल्युमिनियम तो भार निष्प्रभ करते आणि त्याच्या चिकट हायड्रॉक्साइडात अडकून कण तळाशी बसतात. जलशुद्धीकरण केंद्रांत याच कामासाठी वापरले जाणारे ॲल्युमिनियम सल्फेटही व्यवहारात तुरटी म्हणूनच ओळखले जाते, जरी त्यात पोटॅशियम नसते. गाळाबरोबर काही जंतूही खाली बसतात, पण सारे नव्हेत. केंद्रात निवळलेल्या पाण्यात म्हणूनच पुढे क्लोरीन मिसळतात. घरी तुरटी फिरवलेले पाणी नितळ दिसले तरी वरचे पाणी ओतून घेऊन ते उकळावे लागते.