‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’ नेहमीच होते का?

किराणा दुकानातली ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी वर्षानुवर्षे जागची हलत नाही, आणि तिच्यावर कबूल केलेली उधारी कधी कुणाला मिळत नाही. ‘उद्या’ हे एखाद्या दिवसाचे नाव नसते, तेवढ्यावरच ही पाटी चालते. शब्द ज्या दिवशी वाचला वा उच्चारला, त्या दिवसापासून केलेली ती मोजणी असते. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी आले की ‘उद्या’ही एक दिवस पुढे गेलेला असतो. इंग्रजीतले टुडे, टुमॉरो, यस्टरडे, लास्ट वीक, नेक्स्ट इयर हे सगळे याच जातीचे. बोलणारा आणि प्रसंग बदलला की ज्यांचा रोख बदलतो, अशा शब्दांना डेन्मार्कचे भाषापंडित ओटो येस्पर्सन यांनी १९२२ साली ‘शिफ्टर’, म्हणजे सरकते शब्द, म्हटले. आपल्या शाळांत मात्र ‘इनडायरेक्ट स्पीच’च्या धड्यात या शब्दांचा तक्ता घोकून घेतला जातो: नाऊचे देन, टुडेचे दॅट डे, टुमॉरोचे द नेक्स्ट डे, यस्टरडेचे द डे बिफोर, अगोचे बिफोर. तक्ता खोटा नाही. पण तो एका विशिष्ट परिस्थितीचा निकाल आहे, आणि आपण त्यालाच कायदा मानून बसलो आहोत. बरेचसे गैरसमज तिथूनच निघतात.

सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज असा, की दुसऱ्याचे बोलणे सांगताना ‘टुमॉरो’ला ‘द नेक्स्ट डे’ करावेच लागते. एक साधा प्रसंग घेऊ. सोमवारी एकजण म्हणतो, ‘आय विल पे यू टुमॉरो.’ हे बोलणे त्याच संध्याकाळी घरी सांगायचे असेल, तर इंग्रज माणूस सहजपणे ‘ही सेड ही वुड पे मी टुमॉरो’ असेच सांगेल. पैसे मंगळवारी मिळायचे आहेत आणि सांगणाऱ्याच्या दृष्टीनेही मंगळवार ‘उद्या’च आहे. तेच मंगळवारी सकाळी सांगितले, तर ‘टुमॉरो’च्या जागी ‘टुडे’ येईल. बुधवारी सांगितले तर ‘यस्टरडे’ येऊ शकेल. महिन्याभराने सांगताना ‘द नेक्स्ट डे’ येईल. मूळ वाक्य एक, त्याची चार रूपे, आणि आपापल्या दिवशी चारही बरोबर. म्हणजे इंग्रजीचा खरा नियम एका ओळीत सांगता येतो: कालवाचक शब्द सांगणाऱ्याच्या ‘आज’पासून नव्याने मोजायचा. मोजणी जुळत असेल तर शब्द तसाच राहतो, जुळत नसेल तर बदलतो. ‘ॲट फाइव्ह ओ’क्लॉक’, ‘इन १९४७’, ‘आफ्टर लंच’ यांना हात लावावा लागत नाही, त्याचेही कारण हेच. ते कुणाच्याही ‘आज’वर टेकलेले नाहीत.

दुसरा गैरसमज पहिल्याचा सख्खा भाऊ. क्रियापदाचा काळ एक पायरी मागे गेला, ‘विल’चे ‘वुड’ झाले, की कालवाचक शब्दही त्याच्यामागून निघालाच पाहिजे, असे समजले जाते. प्रत्यक्षात या दोन स्वतंत्र यंत्रणा आहेत. क्रियापदाचा काळ बहुतेक वेळा ‘सेड’ या भूतकाळी क्रियापदाकडे बघून मागे सरकतो. कालवाचक शब्द मात्र सांगण्याच्या दिवसाकडे बघतो. म्हणूनच ‘वुड’ आणि ‘टुमॉरो’ एकाच वाक्यात सुखाने नांदतात. उलट दिशेनेही ताडून पाहता येते. ५ मार्चच्या जुन्या पत्रातला मजकूर ‘द लेटर सेज’ अशा वर्तमानकाळी सुरुवातीने सांगितला, तर आतल्या ‘विल’ला धक्का लागत नाही, पण पत्रातला ‘टुमॉरो’ मात्र ‘द नेक्स्ट डे’ किंवा सरळ ‘६ मार्च’ होतो. एकीकडे काळ बदलला आणि शब्द राहिला, दुसरीकडे शब्द बदलला आणि काळ राहिला. दोघांची गाठ बांधणारा नियम या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही. याहून महत्त्वाचे असे, की ‘वुड’ एकट्याने फारसे काही सांगत नाही. देण्याचा दिवस उलटून गेला की अजून यायचा आहे, हे त्यातून कळत नाही. ‘वुड पे टुमॉरो’ ऐकल्यावर पैशांची आशा शिल्लक असते. ‘वुड पे द नेक्स्ट डे’ ऐकणाऱ्याला तो दिवस होऊन गेला असे वाटते. ही बातमी कालवाचक शब्दच देतो. त्याच दिवशी सांगतानाही पाठांतराच्या सवयीने ‘द नेक्स्ट डे’ घातले, तर व्याकरणाच्या नावाखाली अर्थच बिघडतो.

तिसरी चूक अगदी बारीक आहे, आणि मराठीत ‘द’सारखे उपपद नसल्यामुळे ती आपल्याला चटकन दिसत नाही. ‘नेक्स्ट वीक’ आणि ‘द नेक्स्ट वीक’ हे एकच, असे आपण धरून चालतो. ‘ही सेड ही वुड कम नेक्स्ट वीक’ याचा अर्थ सांगणाऱ्याच्या आजपासून पुढचा आठवडा. त्यात ‘द’ आला की सांगितलेल्या घटनेनंतरचा आठवडा. तक्त्यातला बदल मुख्यतः इथेच आहे: आजला बांधलेला शब्द सोडून, गोष्टीतल्या क्षणाला बांधलेला शब्द घ्यायचा. ‘टू डेज अगो’ म्हणजे आतापासून दोन दिवस मागे. ‘टू डेज बिफोर’ म्हणजे आधी उल्लेखलेल्या क्षणापासून दोन दिवस मागे. काही शब्दप्रयोग मात्र दोन्ही घरचे पाहुणे असतात. मिस्त्रीने गेल्या महिन्यात सांगितले की सुटा भाग ‘इन टू डेज’ येईल, असे इंग्रजीत म्हटले तर ते दोन दिवस मिस्त्रीच्या बोलण्यापासून मोजले जातात, आणि शब्द बदलण्याची गरज पडत नाही. ‘नाऊ’चेही तसेच. भूतकाळी निवेदनात ‘ही वॉज नाऊ अ रिच मॅन’ हे वाक्य निर्दोष आहे, तेव्हा ‘नाऊ’चे ‘देन’ झालेच पाहिजे हा आग्रह चुकीचा.

शब्द कोणता घ्यायचा हे ठरल्यावर तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न उरतो, आणि त्याकडे आपला तक्ता बघतच नाही. ‘ही सेड ऑन मंडे ही वुड रिझाइन’ या वाक्यात सोमवार कशाचा? बोलण्याचा की राजीनाम्याचा? दोन्ही अर्थ लागतात. ‘सेड ऑन मंडे दॅट’ असे लिहिले की सोमवार बोलण्याकडे जातो, ‘सेड दॅट ऑन मंडे’ लिहिले की राजीनाम्याकडे. ‘दॅट’ हा शब्द इथे कुंपणाचे काम करतो. एरवी शब्द वाचवणाऱ्या असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेतही, क्रियापद आणि आतले वाक्य यांच्यामध्ये वेळेचा उल्लेख आला तर ‘दॅट’ ठेवावा अशी सूचना आहे. शिवाय बातमीत ‘टुडे’, ‘टुमॉरो’ टाळून वाराचे नाव लिहावे, असाही तिचा दंडक आहे. बातमी लिहिण्याचा दिवस आणि ती वाचण्याचा दिवस वेगळा असू शकतो, हे ओळखून केलेली ही सोय आहे.

यावर पहिला आक्षेप शिक्षकांचा येईल: परीक्षेत तक्त्याप्रमाणेच उत्तर लागते, मग मुलांना गोंधळात कशाला टाकायचे? आक्षेपात तथ्य आहे. परीक्षेच्या वाक्याला ना तारीख असते ना सांगणारा. अशा वेळी ते बोलणे बऱ्याच दिवसांनी, दुसऱ्या ठिकाणी सांगितले जात आहे असे गृहीत धरणे हा एक संकेत आहे, आणि त्या संकेतापुरता तक्ता बरोबरच आहे. पण हा संकेत आहे, हे मुलांना सांगायला काय हरकत आहे? पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या गेलेल्या रेन अँड मार्टिनच्या व्याकरणातही जवळचे शब्द ‘सामान्यतः’ दूरचे होतात, असेच म्हटले आहे, आणि त्याच वेळी, त्याच ठिकाणी सांगितले तर बदल होत नाही, हेही नोंदवले आहे. पुस्तकाने ठेवलेली पळवाट वर्गाच्या वाटेत हरवली. दुसरा आक्षेप साहित्याच्या वाचकाचा: इंग्रजी कादंबऱ्यांत भूतकाळी वाक्यात पात्राचा ‘टुमॉरो’ तसाच राहतो, तिथे सांगणाऱ्याच्या आजचा नियम कुठे गेला? जेन ऑस्टिनपासून व्हर्जिनिया वुल्फपर्यंत अनेकांनी ही रीत वापरली. तिथे ‘ही सेड दॅट’ची चौकटच नसते, निवेदक पात्राच्या मनात शिरून त्याच्याच घड्याळाने मोजतो. ही वेगळी शैली आहे, आणि ‘दॅट’च्या चौकटीतला नियम तिने मोडत नाही.

आपल्या अडचणीचे मूळ मराठीच्या स्वभावात आहे. ‘रमेश म्हणाला, की मी उद्या येतो’ या वाक्यात ‘मी’ रमेशच असतो. ‘की’ आला तरी बोलणे मूळच्या तोंडाने येऊ शकते, त्यामुळे ‘उद्या’ही रमेशचा असू शकतो. इंग्रजीत ‘दॅट’ आला की ‘आय’ही सांगणाऱ्याचा आणि ‘टुमॉरो’ही सांगणाऱ्याचा. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे आपण एक तर शब्द जसाच्या तसा उचलतो, नाही तर तक्ता डोळे मिटून लावतो. आज याची किंमत गुणांपुरती राहिलेली नाही. न्यूयॉर्कमधला ग्राहक उन्हाळ्यात मंगळवारी रात्री ९ वाजता ‘टुमॉरो मॉर्निंग’ म्हणतो, तेव्हा पुण्यात बुधवारची सकाळ, ६ वाजून ३० मिनिटे झालेली असतात. त्याची उद्याची सकाळ ९ वाजता धरली, तर ती पुण्यात त्याच बुधवारी संध्याकाळी ६.३० ला उजाडते. पुण्याच्या कचेरीत हा निरोप देताना ‘टुमॉरो मॉर्निंग’ म्हटले तर काम गुरुवारवर जाईल, आणि ‘द नेक्स्ट डे’ म्हटल्यानेही भागणार नाही. इथे बरोबर शब्द आहे ‘धिस ईव्हनिंग’. कोणत्याही तक्त्यात ‘टुमॉरो मॉर्निंग’समोर ‘धिस ईव्हनिंग’ छापलेले सापडणार नाही. तेव्हा निरोप लिहिण्यापूर्वी मूळ शब्दाने कोणता दिवस दाखवला होता ते आधी ठरवा, मग तो दिवस तुमच्या आजपासून मोजा. आणि निरोप वाचणारा तो कधी वाचेल याची खात्री नसेल, तर सरळ वार आणि तारीख लिहा.