एक राखणदार, अनेक माग : संगणकाच्या पडद्यावरील नवे व्यवस्थापन

वाराणसीतील मदनपुरा, अलईपुरा या विणकरांच्या वस्त्यांमध्ये आजही जकार्ड मागांवर बनारसी साड्या विणल्या जातात. मागाच्या माथ्यावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ टांगलेली असते. स्थानिक कारागीर या पुठ्ठ्यांना 'पत्ते' म्हणतात. जेथे छिद्र असते तेथे उभा धागा वर उचलला जातो, जेथे नसते तेथे तो जागीच राहतो. अशा रीतीने नक्षी ठरत जाते. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या यंत्रावरूनच चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी छिद्रित पत्त्यांची कल्पना उचलली. संगणकाच्या आज्ञावलीचे मूळ काही अंशी मागात आहे, असे म्हटले जाते ते यामुळेच.

आज या आज्ञावली लिहिण्याच्या कामातच मोठे स्थित्यंतर घडत आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साहाय्यक सामान्य भाषेतील सूचना वाचून स्वतः आज्ञावली लिहितात, तपासतात आणि दुरुस्तही करतात. गिटहब कोपायलट २०२१ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आले, तेव्हा ते प्रामुख्याने पुढच्या ओळी सुचवत असे. २०२५ च्या फेब्रुवारीत अँथ्रॉपिक कंपनीचे क्लॉड कोड आणि एप्रिलमध्ये ओपन एआयचे कोडेक्स हे साधन प्रसिद्ध झाले. ही साधने फायली उघडतात, बदलतात आणि संगणकाला आज्ञाही देतात. एखादे काम पूर्ण होण्यास काही मिनिटे, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. तेवढ्या अवधीत दुसरे काम दुसऱ्या साहाय्यकाकडे सोपवता येते आणि मग तिसरे तिसऱ्याकडे. येथूनच व्यवस्थापनाचा प्रश्न सुरू होतो.

सत्र म्हणजे काय?

साहाय्यकाशी एका कामासंबंधी झालेला संपूर्ण संवाद म्हणजे एक 'सत्र' होय. दिलेल्या सूचना, वाचलेल्या फायली, केलेले बदल आणि आलेले दोष या साऱ्यांचा त्यात समावेश असतो. साहाय्यकाची स्मृती मुख्यतः या सत्रापुरती असते आणि तिलाही मर्यादा असते. संवाद फार लांबला की जुन्या भागाचा सारांश करून जागा मोकळी केली जाते. या प्रक्रियेत एखादा महत्त्वाचा तपशील गळून पडण्याची शक्यता असते.

आरंभी ही सत्रे काळ्या पडद्याच्या खिडक्यांत चालवली जात. चार-पाच खिडक्या उघडल्या की कोणते काम कोठवर आले, कोण परवानगीची वाट पाहत थांबला आहे, हे ध्यानात ठेवणे कठीण होई. ही अडचण दूर करण्यासाठी संगणकावर बसवता येणारी स्वतंत्र ॲप तयार झाली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रॉपिकने आपल्या डेस्कटॉप ॲपमध्ये अनेक सत्रे समांतर चालवण्याची सोय दिली. २०२६ च्या फेब्रुवारीत ओपन एआयने मॅक संगणकांसाठी कोडेक्सचे ॲप सादर केले. यांखेरीज स्वतंत्र विकासकांनी तयार केलेली ॲपही उपलब्ध आहेत.

कार्यपद्धती

अशा ॲपच्या एका बाजूस सर्व सत्रांची यादी असते. कोणते सत्र चालू आहे, कोणते उत्तराची प्रतीक्षा करीत आहे आणि कोणते संपले आहे, हे तेथे दिसते. निवडलेल्या सत्रात कोणत्या ओळी वगळल्या आणि कोणत्या घातल्या, हे निरनिराळ्या रंगांत दाखवले जाते. वापरकर्ता ते बदल स्वीकारतो, नाकारतो किंवा नवी सूचना देतो.

दोन साहाय्यकांनी एकाच वेळी एकच फाईल बदलली तर गोंधळ अटळ असतो. त्यावरील उपाय मात्र जुनाच आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेल्या 'गिट' या प्रणालीत २०१५ पासून 'वर्कट्री' नावाची सोय आहे. तिच्यामुळे एकाच प्रकल्पाच्या अनेक कार्यप्रती स्वतंत्र जागी ठेवता येतात, पण त्यांचा इतिहास सामाईक राहतो. अनेक ॲप प्रत्येक सत्राला अशी वेगळी प्रत देतात आणि तपासणीनंतर बदल मूळ प्रकल्पात एकत्र करता येतात. प्रत्येकाला वेगळा माग मिळाला की धागे गुंतत नाहीत.

दक्षतेची आवश्यकता

मालेगाव व भिवंडी येथील यंत्रमाग कारखान्यांत एकच कामगार अनेक माग सांभाळतो. तो स्वतः विणत नाही. कोठे धागा तुटला, कोठे कांडी संपली, यावर त्याची नजर असते. तुटलेला धागा वेळीच दिसला नाही, तर दोष कापडात पुढे उतरत जातो. सत्रांच्या व्यवस्थापकाचे कामही याच जातीचे आहे. फरक इतकाच की, तुटलेला धागा डोळ्यांना दिसतो, आज्ञावलीतील चूक वाचल्याशिवाय आढळत नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये रेप्लिट या कंपनीच्या साहाय्यकाने, बदल करू नयेत अशी स्पष्ट सूचना असतानाही, एका ग्राहकाचा चालू माहितीसंच पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांनी त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. त्याच महिन्यात मीटर या संशोधन संस्थेने १६ अनुभवी विकासकांच्या २४६ कामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साहाय्यक वापरल्यावर त्यांना १९ टक्के अधिक वेळ लागला होता, मात्र आपले काम २० टक्के लवकर झाले अशीच त्यांची समजूत होती. हा अभ्यास २०२५ च्या आरंभीच्या साधनांपुरता मर्यादित आहे. तरीही, वेग वाढल्याची भावना आणि वेग वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट होते.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ॲप आपल्या संगणकावर असले, तरी साहाय्यकाची बुद्धी बहुधा दूरच्या सर्व्हरवर असते. त्याने वाचलेला मजकूर तेथे पाठवला जातो. म्हणून ज्या फोल्डरमध्ये नागरिकांची वैयक्तिक माहिती किंवा परवलीचे शब्द आहेत, तेथे साहाय्यकाला मोकळा प्रवेश देणे धोक्याचे ठरते. प्रत्येक सत्राचा खर्चही स्वतंत्रपणे वाढत असतो, याचे भान ठेवावे लागते.

वाराणसीच्या मागांवर पत्ते येण्यापूर्वी नक्शेबंद कारागीर दोऱ्यांच्या जाळ्यात नक्षी बांधून ठेवत असत. जकार्ड आल्यानंतर ते काम पत्ते कापणाऱ्यांच्या हाती गेले, पण साडी निर्दोष उतरली की नाही हे ठरवण्यासाठी पारखी नजर लागतच राहिली. आज्ञावली लिहिण्याचे काम यंत्राकडे जात असताना नव्या पिढीच्या अभियंत्यांपुढील खरा प्रश्न हाच आहे. ज्याने स्वतः कधी विणलेच नाही, त्याला तुटलेला धागा ओळखता येईल काय? किमान शिकण्याच्या काळात तरी काही काम स्वतःच्या हाताने करणे, आणि जितकी सत्रे खरोखर वाचून तपासता येतील तितकीच उघडणे, हा मार्ग त्या दृष्टीने अधिक सुरक्षित म्हणावा लागेल.