निरोगी शरीर, शांत मन : नित्याचरणातील सोपे मार्ग

आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे. शरीर, मन आणि सामाजिक जीवन या तिन्हींची सुस्थिती म्हणजे आरोग्य, असा व्यापक अर्थ जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या घटनेतच नमूद केला आहे. आपल्याकडील 'स्वस्थ' या शब्दातही हाच आशय आहे. जो स्वतःच्या ठायी स्थिर आहे, तो स्वस्थ. ही स्वस्थता औषधाच्या बाटलीतून मिळत नाही. ती रोजच्या वागण्यातून मिळवावी लागते.

प्रश्नाचे स्वरूप

एके काळी पटकी, देवी, प्लेग यांसारख्या साथींनी गावेच्या गावे ओस पडत. त्या साथींवर विज्ञानाने मोठ्या प्रमाणात मात केली. मात्र आज निराळ्या प्रकारच्या विकारांनी घरोघर ठाण मांडले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, २० वर्षांवरील दर शंभर व्यक्तींपैकी सुमारे ११ जणांना मधुमेह आणि सुमारे ३५ जणांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. हे विकार केवळ शहरांपुरते राहिलेले नाहीत.

उच्च रक्तदाबाचा विशेष असा की, तो बहुधा दुखत नाही. माणूस कामावर जातो, शेतात राबतो, सभेत बोलतो. आणि एके दिवशी अर्धांगवायूचा झटका येऊन सारे घर उघड्यावर पडते. म्हणूनच हा विषय केवळ वैयक्तिक हौसेचा नसून कुटुंबाच्या व गावाच्या स्थैर्याचा आहे.

महाराष्ट्राची परंपरा

या बाबतीत महाराष्ट्राला मोठा वारसा लाभला आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार हे आपले जीवनकार्य मानले. संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले आणि त्यांची माहिती देणारे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखविली.

योगाला प्रयोगशाळेत नेण्याचे श्रेय स्वामी कुवलयानंद यांच्याकडे जाते. त्यांनी १९२४ साली लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी 'योग-मीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. नौली, उड्डियान यांसारख्या क्रियांच्या वेळी शरीराच्या आत काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने तपासले. 'परंपरेने सांगितले म्हणून' आणि 'तपासून पाहिले म्हणून' यांतील फरक त्यांनी जाणला, हे त्यांच्या कार्याचे खरे मोल होय.

श्वास आणि मन यांचा संबंध

मन अस्वस्थ झाले की श्वास उथळ व जलद होतो, हा सर्वांचाच अनुभव आहे. याच्या उलट मार्गानेही जाता येते. श्वास संथ केला की मनही निवते. याचे कारण शरीररचनेत आहे. हृदयाची गती, रक्तदाब, पचन ही कार्ये आपल्या इच्छेने चालत नाहीत. मज्जासंस्थेचे दोन विभाग ती नियंत्रित करतात. एक विभाग शरीराला संकटासाठी सज्ज करतो, तर दुसरा त्याला विसावा देतो. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि इच्छेनेही चालविता येतो. त्यामुळे या बंद घराचे हे एकच दार आपल्या हाती आहे, असे म्हणता येईल.

श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात व सोडताना मंदावतात. म्हणून उच्छ्वास दीर्घ केला की विसावा देणारा विभाग अधिक कार्यरत होतो. प्रौढ व्यक्ती विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सर्वसाधारणपणे १२ ते २० श्वास घेते. ही संख्या ६ च्या आसपास आणल्यास हृदय व रक्तदाब यांचे नियमन अधिक सुसूत्र होते, असे आढळले आहे. इटलीतील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जपमाळेवरील ख्रिस्ती प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्र या दोहोंमुळे श्वासाची गती मिनिटाला सुमारे ६ इतकी होते, असे दिसून आले. धर्म भिन्न, भाषा भिन्न; परंतु लय तीच. ॐकाराचा दीर्घ उच्चार किंवा भजनातील लांबविलेला स्वर यांतही उच्छ्वास असाच दीर्घ होतो.

अर्ध्या तासाचा नित्यक्रम

सकाळी शौचमुखमार्जनानंतर, उपाशीपोटी, मोकळ्या हवेत पुढील क्रम आचरावा.

१. पाच मिनिटे मान, खांदे, कंबर व गुडघे यांच्या सावकाश हालचाली.

२. सूर्यनमस्कार : प्रारंभी तीन-चार, पुढे सवयीने बारापर्यंत. पुढे वाकताना श्वास सोडावा, मागे वळताना घ्यावा. गतीपेक्षा लयीकडे लक्ष असावे.

३. पाच मिनिटे शवासन.

४. पाच ते दहा मिनिटे मांडी घालून किंवा खुर्चीवर ताठ बसून दीर्घश्वसन. चार अंक मोजत श्वास घ्यावा व सहा अंक मोजत सोडावा. श्वास रोखू नये.

याखेरीज प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे किंवा तत्सम श्रम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. श्रमाने शरीर कसते हे खरे. परंतु खुरपणी, लावणी, कापणी यांत कंबर तासन्‌तास एकाच दिशेने वाकलेली असते. तिला विरुद्ध दिशेचा ताण व विश्रांती यांची गरज असते. उलट, कचेरीत बसणाऱ्याला श्रमच हवे असतात. गरज दोघांनाही आहे, कारणे मात्र निराळी आहेत.

आहार आणि निद्रा

ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी, ताक हा आपला जुना आहार आजही उत्तम होय. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मीठ मात्र दिवसाला एक चहाचा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, याहून कमी असावे. पापड, लोणचे, फरसाण यांतील मीठही या हिशेबात धरावे. तंबाखू व मिश्री यांना तर पूर्ण फाटा द्यावा.

प्रौढांना सात तासांची झोप आवश्यक आहे. सायंकाळनंतर चहा टाळावा आणि निजण्यापूर्वी तासभर मोबाइल दूर ठेवावा. घरातील स्त्री सर्वांआधी उठते व सर्वांनंतर निजते. तिच्या वाट्याला हा अर्धा तास आणि पुरेशी झोप यावी, यासाठी घरातील इतरांनी कामाचा भार उचलला पाहिजे. अन्यथा आरोग्याचा हा सारा उपदेश निम्म्या समाजापुरताच उरेल.

सावधगिरी

योगाभ्यास हा औषधोपचाराला पूरक आहे, पर्याय नव्हे. रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या गोळ्या परस्पर बंद केल्याने प्राणावर बेतते. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असलेल्यांनी तसेच गर्भवती स्त्रियांनी कपालभाती व कुंभक टाळावेत आणि आसनांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सतत उदासीनता, निद्रानाश किंवा आत्मघाताचे विचार हा मनाचा दुबळेपणा नसून उपचारयोग्य आजार आहे. त्यासाठी २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक उपयोगी पडेल.

शाळा व ग्रामपंचायत

संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिवस म्हणून पाळला जातो. तथापि एका दिवसाच्या समारंभाने आरोग्य लाभत नाही. शिक्षकांनी परिपाठानंतर पाच मिनिटे दीर्घश्वसन घ्यावे. पंचायत सदस्यांनी समाजमंदिराचे प्रांगण सकाळी झाडून मोकळे ठेवावे, गावातील एखाद्या जाणत्या व्यक्तीकडे मार्गदर्शन सोपवावे आणि तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब व रक्तशर्करा उपकेंद्रात तपासली जाईल, हे आशा कार्यकर्तीच्या मदतीने पाहावे. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. एक सतरंजी, थोडी मोकळी जागा आणि रोज ठरल्या वेळी येण्याचा निश्चय, एवढे भांडवल पुरेसे आहे.