अंगाला थंड घाम? सलाईन नंतर, आधी ईसीजी

जळगाव जामोदहून तुमच्या गटाची ताई बोलते आहे.

कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट. आमच्या गटातली एक मावशी दुपारी शेतातच मटकन खाली बसली. दरदरून घाम, पाठीत कळ, जीव घाबरा. "काही नाही वं माय, पित्त चढलं असन," असं तीच म्हणाली. घरचे म्हणाले, मालक येऊ दे, मग पाहू. संध्याकाळी एक सलाईन लावलं. रात्री हातपाय थंडगार पडले, दम लागला, ती भलतंच बोलू लागली. तेव्हा कुठे गाडी केली आणि अकोल्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, झटका दुपारीच आला होता, आता हृदय शॉकमध्ये गेलंय. मावशी वाचली नाही.

हा शॉक म्हणजे विजेचा धक्का नाही, की मनाला बसलेला धक्काही नाही. विहिरीवरची मोटर आठवा. मोटरला वीज कमी मिळाली की पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचत नाही. हृदयाला रक्त देणारी नळी गुठळीने बंद झाली की हृदयाचा तेवढा भाग मरू लागतो. भाग मोठा असेल तर हृदय शरीराला पुरेसं रक्त ढकलूच शकत नाही. मग रक्तदाब वरचा आकडा 90 च्या खाली जातो, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, माणूस बरळतो. हाच हृदयाचा शॉक. झटका आलेल्या 100 जणांपैकी साधारण 5 ते 10 जणांना तो होतो. कधी लगेच, कधी काही तासांनी. म्हणून मधला वेळ फार मोलाचा.

आपल्याकडे अशक्तपणा आला की सलाईन हवंच असतं. पण मोटरच कमजोर असताना विहीर भरून काय उपयोग? जास्तीचं पाणी फुप्फुसात साचतं आणि दम वाढतो. कुणाला किती द्यायचं ते तपासून डॉक्टरच ठरवतील. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळीही शेजारच्याकडून मागून देऊ नका. ती रक्तदाब आणखी खाली आणते.

पूर्वी या शॉकमधले 10 पैकी 7-8 जण दगावत. आता साधारण निम्मे वाचतात. हा फरक पडला तो मुख्यतः बंद नळी लवकर उघडल्यामुळे. डॉ. ज्युडिथ हॉकमन या बाईंच्या पुढाकाराने झालेला अभ्यास 1999 मध्ये छापून आला. त्यात औषधांवर ठेवलेल्या 100 पैकी 63 रुग्ण सहा महिन्यांत गेले, तर लवकर अँजिओप्लास्टी किंवा बायपास केलेल्यांपैकी 50. पुढे हृदयाला आधार म्हणून महाधमनीत फुगा ठेवत. त्याने जीव जास्त वाचत नाहीत, हे 2012 मध्ये जर्मनीतल्या 600 रुग्णांवरून कळलं. 2024 मध्ये हृदयात बसवायच्या छोट्या पंपाने काही निवडक रुग्णांचे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं. पण त्यात रक्तस्राव आणि पायाचा रक्तपुरवठा अडण्याचा धोका वाढतो. शिवाय तो महाग आणि मोठ्या शहरातला. आपल्या हातात आहे तो वेळ.

म्हणून लक्षात ठेवा. छातीत दाब, जबडा-खांदा-पाठ दुखणं, थंड घाम, दम, एकाएकी गळून जाणं. बायांमध्ये छातीत कळ न येताही झटका येऊ शकतो. अशा वेळी 108 ला फोन करा. ही रुग्णवाहिका 2014 पासून महाराष्ट्रात मोफत आहे. चालत किंवा मोटारसायकलवर नेऊ नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात आधी ईसीजी काढायला सांगा. झटका असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथे मिळेल का, की अँजिओप्लास्टीच्या ठिकाणी थेट न्यायचं, हे तिथेच विचारा. नांदुरा, खामगाव करत अकोला गाठायला वेळ लागतो; गावातच चार तास घालवले तर पुढचे उपाय अपुरे पडतात. माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भराभर दाबत राहा, मिनिटाला 100 ते 120 वेळा.

पैशाची भीती वाटते, खरं आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एकाच पिशवीत, दाराजवळ टांगून ठेवा.

मावशी गेल्यावर आमच्या गटाने ठराव केला: अशा दुखण्यासाठी कर्ज मागायला बैठकीची वाट पाहायची नाही, अध्यक्ष-सचिवांनी त्याच क्षणी पैसे काढायचे. आणि दुसरा ठराव, जो वहीत नाही पण सगळ्यांना पाठ आहे: मालक घरी येईपर्यंत थांबायचं नाही. त्यांना फोन करायचा तो रुग्णवाहिकेत बसल्यावर.

तुमच्या येत्या बैठकीत हा विषय नक्की काढा.