पॉडकास्ट : रेंज नसलेल्या घाटातली आकाशवाणी

पॉडकास्ट म्हणजे काय? हा प्रश्न आज होस्टेलवर कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे. दोन खुर्च्या, दोन मोठ्ठे माईक आणि यूट्यूबवर दोन तासांच्या गप्पा! उत्तर अगदीच चूक नाही, पण त्यात पॉडकास्टची खरी गंमतच निसटून जाते. ती गंमत मला कळायचं कारण एकच. मी चिखलदऱ्याचा आहे.

तुमच्यापैकी बरेच जण पावसाळ्यात देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगड बघायला आमच्याकडे येऊन गेले असतील. परतवाडा सोडून गाडी घाटाला लागली की मोबाईलच्या कांड्या एकेक करून गळायला लागतात, हेही अनुभवलं असेल. गाव समुद्रसपाटीपासून साधारण अकराशे मीटरवर. गावात टॉवर आहेत, पण घाटात आणि खालच्या दऱ्यांमधल्या कोरकू गावांत रेंज म्हणजे नशिबाचा खेळ. यामागे आपलंच सिलॅबस आहे. आपल्याकडे ४जीसाठी ८५०, १८००, २३०० मेगाहर्ट्झ अशा पट्ट्या वापरतात. वारंवारता जितकी जास्त, तितकी ती लाट डोंगराआड कमी वळते. मध्ये सातपुड्याची एखादी धार आली की पलीकडच्या गावावर 'रेडिओ सावली' पडते. त्यात मेळघाट म्हणजे व्याघ्रप्रकल्प. तिथे वाटेल तिथे टॉवर उभा करता येत नाही, आणि ते बरोबरही आहे.

आता सांगा, अशा ठिकाणी दोन तासांचा व्हिडिओ कसा बघणार? पण ऐकता मात्र मजेत येतं. कसं, ते जरा उलगडून सांगतो.

नुसती एक यादी

डिसेंबर २००० मध्ये डेव्ह वायनर या प्रोग्रामरने आरएसएसमध्ये 'एन्क्लोजर' नावाचा एक टॅग घातला. (इथे आरएसएस म्हणजे रिअली सिंपल सिंडिकेशन. बाकी चर्चा कॅन्टीनमध्ये!) आरएसएस फीड म्हणजे एक साधी एक्सएमएल फाईल, थोडक्यात एक यादी. भागाचं नाव, तारीख, दोन ओळींची माहिती. एन्क्लोजर टॅगमुळे त्या यादीत आवाजाच्या फाईलचा पत्ता, तिचा आकार आणि प्रकारही लिहिता येऊ लागला. आपल्या मोबाईलमधलं ॲप अधूनमधून ही यादी वाचतं, नवीन नोंद दिसली की ती फाईल उतरवून ठेवतं. बस्स! पॉडकास्टचं सगळं इंजिनीअरिंग एवढंच.

२००४ मध्ये ॲडम करी या एमटीव्हीच्या जुन्या निवेदकाने आणि वायनरने ही कल्पना लोकांपर्यंत नेली. 'पॉडकास्टिंग' हा शब्द त्याच वर्षी फेब्रुवारीत 'द गार्डियन'मध्ये बेन हॅमर्स्ले या पत्रकाराच्या लेखात पहिल्यांदा छापून आला. आयपॉडमधला 'पॉड' आणि ब्रॉडकास्टमधला 'कास्ट'. जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय दिली आणि गाडी सुसाट सुटली. २०२२ मध्ये आयपॉड बंद झाला, नाव मात्र राहिलं.

आता रेडिओशी तुलना करू. रेडिओवरचा कार्यक्रम चालू असताना तुम्ही हजर पाहिजे आणि लाटही हजर पाहिजे. लाईव्ह स्ट्रीमचंही तेच. पॉडकास्टला दोन्ही नको. फाईल एकदा खिशात आली की घाट असो, बोगदा असो, नाहीतर पावसाळ्यात लाईट गेलेली रात्र असो, कार्यक्रम सुरू! डाऊनलोड अर्धवट तुटलं तरी बहुतेक सर्व्हर फाईल जिथे थांबली तिथून पुढे देतात. एचटीटीपीमधल्या या सोयीचं नाव काय माहितेय? 'रेंज'! म्हणजे आमच्या घाटात नसलेली रेंज प्रोटोकॉलमध्ये मात्र आहे.

जरा आकडेमोड

सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट खातो. त्या हिशेबाने ४५ मिनिटांचा भाग जवळपास ४७६ एमबी होईल. एमपी३ मध्ये कानाला तसंही ऐकू न येणारं काढून टाकतात. मोठ्या आवाजाखाली दडलेला बारीक आवाज, वगैरे. नुसतं बोलणं असेल तर मोनोमध्ये ६४ किलोबिट पुरतात. म्हणजे सेकंदाला ८ किलोबाईट, आणि तोच ४५ मिनिटांचा भाग २२ एमबीच्या आत. सेकंदाला १ मेगाबिटचा बेताचा व्हिडिओ धरला तरी तेवढ्याच वेळाचे सुमारे ३३८ एमबी लागतात, म्हणजे पंधरा पटींहून जास्त. शुक्रवारी रात्री होस्टेलच्या वायफायवर दहा भाग उतरवले की सव्वादोनशे एमबीत माझा जाण्यायेण्याचा प्रवास आणि घरचे दोन दिवस निघतात.

ऐकायचं काय?

गाण्यांच्या वेडासाठी 'साँग एक्स्प्लोडर'. २०१४ मध्ये हृषीकेश हिरवे या अमेरिकेत वाढलेल्या भारतीय वंशाच्या संगीतकाराने सुरू केला. गायक-वादक येऊन आपलंच गाणं सुटं करतात. आधी फक्त ड्रम, मग बेस, मग आवाज, आणि शेवटी अख्खं गाणं. मेकॅनिकलवाल्यांनो, इंजिन खोलून परत बसवण्याचाच प्रकार!

टेक्नॉलॉजीत 'डार्कनेट डायरीज'. जॅक रायसायडर २०१७ पासून हॅकिंगच्या खऱ्या गोष्टी सांगतोय. नेटवर्क सिक्युरिटीचा पेपर असेल त्याने तर ऐकायलाच हवा. सिनेमासाठी करीना लाँगवर्थचा 'यू मस्ट रिमेंबर धिस', जुन्या हॉलिवूडचा इतिहास. मराठी नाटक-सिनेमातल्या माणसांच्या मनमोकळ्या गप्पा हव्या असतील तर सौमित्र पोटे यांचा 'मित्रम्हणे'. विज्ञानासाठी 'रेडिओलॅब' आणि बीबीसीचा 'इन अवर टाइम'. हा दुसरा १९९८ मध्ये रेडिओवर सुरू झाला, आणि मेल्विन ब्रॅग यांनी तो पंचवीस वर्षांहून जास्त काळ चालवला. तीन प्राध्यापक, एक विषय, पाऊण तास. ना स्लाईड, ना फळा, तरी समजतं! मराठीत जगातल्या घडामोडींसाठी बीबीसी मराठीचा 'गोष्ट दुनियेची' आहे.

इंग्रजी भरभर जातं म्हणून घाबरू नका. ॲपमध्ये वेग कमी करता येतो. मी पहिलं सेमिस्टर पाऊण वेगावरच काढलं, आता सव्वापट ऐकतो. फुकटात स्पोकन इंग्लिशचा क्लास!

मग अडचण कुठे आहे?

अडचण अशी, की पॉडकास्ट हळूहळू यादीतून निघून प्लॅटफॉर्मच्या आत चाललाय. फक्त व्हिडिओ, फक्त एकाच ॲपमध्ये, फक्त ऑनलाईन. शहरात याने काही बिघडत नाही, घाटात बिघडतं. आणि प्लॅटफॉर्म कायमचा नसतो. गूगल पॉडकास्ट्स हे ॲप २०१८ मध्ये आलं आणि २०२४ मध्ये बंदही झालं. तरी लोकांचं फारसं नुकसान झालं नाही, कारण कार्यक्रमांच्या यादी उघड्या होत्या. आपल्या यादींचे पत्ते ओपीएमएल फाईलमध्ये काढायचे आणि अँटेनापॉडसारख्या फुकट, ओपन सोर्स ॲपमध्ये टाकायचे. सगळे कार्यक्रम पुन्हा जागेवर! बंद दाराआडच्या कार्यक्रमाला ही सोय नसते.

हे मला एवढं महत्त्वाचं का वाटतं, ते सांगतो. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा माझा मावसभाऊ घाटाखालच्या एका गावात दहावीला होता. ऑनलाईन तास त्याच्यापर्यंत कधी पोचलेच नाहीत. पोचले ते त्याच्या सरांनी साध्या मोबाईलवर रेकॉर्ड केलेले धडे. बाजाराला वर आलेला कोणीतरी ते मेमरी कार्डात भरून घ्यायचा, आणि गावात ब्लूटूथने या मोबाईलवरून त्या मोबाईलवर जायचे. ना ॲप, ना यादी, पण तत्त्व तेच. फाईल साठवा आणि पुढे द्या. पोरगा त्याच्यावर पास झाला.

म्हणून आपल्या कॉलेजसाठी माझी एक सूचना आहे. आपण एक फीड सुरू करू या. पहिल्या वर्षाच्या विषयांवर वऱ्हाडी-मराठीत वीस-वीस मिनिटांचे भाग. थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम "कायले असं होते बे?" असं विचारत समजावला तर लवकर डोक्यात शिरेल, याची मला खात्री आहे. वीस मिनिटांचा भाग दहा एमबीच्या आत बसतो. माईक म्हणून मोबाईल, स्टुडिओ म्हणून गाद्यांनी भरलेली होस्टेलची खोली (गादीइतका चांगला साउंड ॲब्सॉर्बर नाही!), आणि एक एक्सएमएल फाईल, जी कॉम्प्युटरची पोरं एका संध्याकाळीत लिहितील.

दुसरा कार्यक्रम कोरकूत करता येईल. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीहून अगदी वेगळी, आणि ती जगली ती प्रामुख्याने तोंडातोंडी. तिच्यातल्या गोष्टी छापायच्या तर लिपी, स्पेलिंग, छपाई सगळे प्रश्न येतात. आवाजाला यातलं काही लागत नाही. सांगणाऱ्या आजीची परवानगी आणि निवांत दुपार एवढंच लागतं. आपल्याच कॉलेजात मेळघाटातली मुलं आहेत. त्यांच्याशिवाय हे काम कोण करणार?

व्हिडिओला माझा विरोध नाही, तोही करा. पण सोबत आवाजाची फाईल आणि उघडी यादी ठेवाच, म्हणजे जिथे रेंज संपते तिथेही आपला आवाज पोचेल. चला तर मग, सबमिशनं आटोपली की भेटू. माईकवर पहिलं कोण येतंय, बोला!