काचेवरचे दशावतार

बुलढाण्याजवळच्या देऊळघाटसारख्या गावात स्कॅनर आला तो सात-बारा, दाखले आणि गुणपत्रिकांसाठी. ‘केबी कमी करा’ हा त्याच्या भोवतीचा रोजचा जप. त्याच काचेवर सावंतवाडीच्या गंजिफा पत्त्यांतलं पान ठेवून बघा, यंत्राची सगळी सवय मोडते.

पान गोल. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, अशी १२० पानं. हाताने रंगवलेली, वर लाखेचा चकाकता मुलामा. ही कला विझत चालली होती, तेव्हा सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ती वृद्ध पुंडलिक चितारींकडून शिकून घेतली आणि राजवाड्यात पुन्हा कारागीर बसवले.

प्रिंटरला जोडलेल्या स्वस्त स्कॅनरमध्ये बहुधा सीआयएस संवेदकाची पट्टी असते. काचेला चिकटलेला कागद ती छान वाचते. पानाने जरा बाक धरला की कड धूसर. एप्सन व्ही६०० सारख्या यंत्रातला सीसीडी संवेदक भिंगातून पाहतो, त्याला थोडी उंची चालते. म्हणून झाकण दाबून पान सपाट करण्याचा मोह टाळावा; लाखेचे टवके उडतात. पानावर काळा कागद अलगद ठेवला की गोल कड उठून दिसते.

६०० डीपीआयला सात सेंटिमीटरचं पान साधारण १६५० पिक्सेल भरतं. टिफ फाइल आठ एमबीची; दोन्ही बाजू धरून २४० फाइली, म्हणजे जवळपास दोन जीबी. ही मूळ प्रत जपायची, आणि अपलोडसाठी तिच्यावरून छोटी जेपेग काढायची. पूर्वी च्युइंगगमबरोबर मिळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या छापील कार्डांना ‘डीस्क्रीन’ लागतं, नाहीतर छपाईच्या ठिपक्यांची जाळी उमटते. गंजिफाला ते बंदच ठेवा, कुंचल्याच्या बारीक रेषा पुसट होतात. रंग भडक करणं, कडेचा मळ पुसणं मला तर लबाडीच वाटते. तो मळ खेळणाऱ्यांच्या बोटांचा आहे. मागची बाजू कोरी म्हणून वगळतात, तेही चूक. कोऱ्या पाठीवरचा एक डाग म्हणजे समोरच्याला पान ओळखायची सोय!

फाइलींना नावं देताना खरी गंमत. मत्स्य ते वामन या पाच रंगांत राजा-प्रधानांखाली दश्शी थोर, एक्का सर्वांत हलका; परशुरामापासून पुढे उलट, एक्का थोर. संगणक आपला मुकाट एक ते दहा लावतो. तेव्हा नावात पानाचा मान लिहू नये, चिन्हं मोजून आकडा लिहावा: ‘राम-०१-पुढची’.